लॅम्ब्रेटा ‘एलआय १५०’ स्कूटर: जुना सिलिंडर बोअर करायचा (आतून कापून थोडा रुंद करायचा) की नवा अ‍ॅल्युमिनियम किट (नवा सिलिंडर आणि पिस्टन) बसवायचा?

काकांची लॅम्ब्रेटा घरीच खोलून बसलेल्या एका मित्राचा हा प्रश्न. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५८, म्हणजे १४८ सीसी. सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा.

खर्चात बोअरिंग सरळ स्वस्त. किट बाहेरून मागवावा लागतो, आणि क्षमता वाढली की कार्बोरेटरचे जेटही बदलावे लागतात, कधी सायलेन्सरसुद्धा. शिवाय आरसीवर सीसी लिहिलेले असतात, ते विसरू नका.

मेहनत मात्र बोअरिंगला जास्त. आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा थोडा मोठा) पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलटं केलंत की क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, बिघडतो. सोलापुरात बोअरिंगवाला मिळेल, पण पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्यांच्या) धारा मोडायला त्याला आवर्जून सांगा. टू-स्ट्रोकमध्ये त्या धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. चारचाकीची कामं करणाऱ्याच्या हे डोक्यात येईलच असं नाही.

उष्णतेत किट जिंकतो. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, आणि आपला मे महिना चाळिशीच्या पलीकडचा. पण किटच्या सिलिंडरला आतून असलेला निकासिलचा (निकेलयुक्त कठीण) लेप खरवडला तर साधं बोअरिंग चालत नाही, पुन्हा लेप द्यावा लागतो. बिडाचा सिलिंडर पुढच्या ओव्हरसाइजला पुन्हा बोअर होतो.

गावातल्या गावात, फार तर अक्कलकोटपर्यंत फिरवायची आणि मूळपण जपायचं, तर बोअरिंग. भर उन्हात लांबचे पल्ले मारायचे असतील तरच किट, आणि जुना सिलिंडर तेल लावून जपून ठेवा.