शस्त्रक्रिया उत्तम, शुश्रूषा केवळ कागदावर
माझ्या 81 वर्षांच्या आईचे खुब्याचे हाड मोडल्यामुळे गेल्या पावसाळ्यात तिला पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली आणि चांगली झाली, हे आधीच नमूद करते. शल्यविशारदांविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या नऊ दिवसांविषयी.

आईला ऐकू फार कमी येते. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या बांगड्या काढून आमची सही घेऊन आमच्या हाती दिल्या गेल्या. श्रवणयंत्राचे पाकीट मात्र कुणाच्याच हाती न पडता सिस्टरांच्या टेबलाच्या खणात राहिले. अतिदक्षता विभागात आम्हाला सकाळ-संध्याकाळ दहाच मिनिटे आत सोडत असत. ‘यंत्र कुठे आहे’ असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळाले. दरम्यान केसपेपरवर ‘पेशंट गोंधळलेली, सूचना पाळत नाही’ अशी नोंद होत राहिली. तिसऱ्या दिवशी यंत्र सापडले. ते कानात बसवल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, ‘ऑपरेशन झालं का गं?’ तोवर तिला ते कुणी ऐकू जाईल अशा रीतीने सांगितलेच नव्हते.

वॉर्डात आल्यावर खरी परवड सुरू झाली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांपाशी कातडीवर दाब पडून जखमा होतात. ही वैद्यकातील गहन गोष्ट नव्हे, घरी म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असते. पलंगाच्या पायथ्याशी त्यासाठी एक तक्ता अडकवलेला होता आणि त्यातील एकही चौकट रिकामी नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी 10 ते 11.30 आई तळमजल्यावर एक्स-रेसाठी स्ट्रेचरवर पडून होती, मी तिच्याजवळच उभी होते. वर आल्यावर पाहते तो 11 वाजता तिला डाव्या कुशीवर वळवल्याची सहीनिशी नोंद! मी त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले. आदल्या दिवशी दिसलेला लाल चट्टा आठव्या दिवशी फुटला होता.

रात्री 26 खाटांना दोनच सिस्टर असत, त्यामुळे त्या मुलींना एकट्यांना दोष देणे मला पटत नाही. एक मावशी आपली पाळी संपल्यावरही थांबून आईला चमच्याने पेज भरवत असत. तिथे हाडाची शस्त्रक्रिया करून घेण्यास हरकत नाही, परंतु रात्री घरचे माणूस उशाशी बसणार असेल तरच.

घरी सोडण्याच्या दिवशी सकाळी 11 वाजता खाट रिकामी करायला लावली आणि विम्याची मंजुरी संध्याकाळी 7 ला आली. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार ही मंजुरी तीन तासांत यायला हवी. चूक विमा कंपनीची की रुग्णालयाची, हे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. आई मात्र ती फुटलेली जखम घेऊन आठ तास चाकाच्या खुर्चीत बसून होती.

राज्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे, आणि ती बिलाच्या खिडकीजवळ ठळकपणे लावलेली आहे. मी लेखी तक्रार दिली. ‘नोंद घेतली आहे’ असे दोन ओळींचे उत्तर आले. उपचारांची कागदपत्रेही मागितली. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार ती मागणीनंतर 72 तासांत मिळायला हवीत, मला ती अकराव्या दिवशी मिळाली. त्या गठ्ठ्यात तपासण्यांचे अहवाल होते, औषधांची यादी होती, हातमोज्यांच्या जोड्यांचासुद्धा हिशेब होता. कूस बदलल्याचा तक्ता तेवढा नव्हता.