विंडोज डिफेंडर: कुंडईच्या आमच्या ऑफिसात एक वर्ष वापरून

आमचं ऑफिस गोव्यात कुंडईला इंडस्ट्रियल इस्टेटमधे, पॅकिंग मटेरियलचं, पाच कॉम्प्युटर आणि एक जुना लॅपटॉप. विकतच्या अँटीव्हायरसचं लायसन्स संपलं तेव्हा रिन्यू केलं नाही, विंडोजबरोबर येतो तो डिफेंडरच ठेवला, आता वर्ष झालं आणि ओळखीतले सगळे विचारतात की फुकटचं चालतं का, म्हणून लिहितेय.

चालतं. चवथीच्या आधीच्या गडबडीत अकाउंट्सच्या ताईंना मेल आला, पेमेंट अॅडव्हाइस म्हणून, सोबत झिप आणि झिपचा पासवर्ड मेलमधेच लिहिलेला. असा पासवर्ड घालतात कारण मग मेलवाल्यांच्या स्कॅनरला आत काय आहे ते बघता येत नाही. ताईंनी उघडली, आत पीडीएफचंच चित्र असलेली फाइल, क्लिक करणार तेवढ्यात कोपऱ्यात डिफेंडरची सूचना आली आणि फाइल गायब. ताई घाबरून हाक मारायला लागल्या, "बाय, पळय गो हें कितें जालें!" मी जाऊन डिफेंडरच्या हिस्ट्रीत नाव बघितलं तर शेवटी पीडीएफ आणि त्याच्यापुढे डॉट ईएक्सई, म्हणजे कागद नव्हेच, क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्रॅम. विंडोज ती शेवटची अक्षरं मुळातच लपवून ठेवतं, २००० साली आय लव्ह यू व्हायरस पसरला तोही ह्याच लपवाछपवीवर, टेक्स्ट फाइल वाटायची आणि पुढे डॉट व्हीबीएस असायचं. त्याच दिवशी सगळ्या मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधे जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू केलं. तुम्ही आजच करा, एक मिनिटाचं काम आहे.

रॅन्समवेअर म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, त्याच्यासाठी डिफेंडरमधे कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस म्हणून सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या फोल्डरांत काही बदलू देत नाही, पण ती बंदच येते, आपण चालू करायची. केल्यावर आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समधे सेव्हच करेना, अर्धा दिवस गेला, मग त्याला परवानगीच्या यादीत घातलं. तरी बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घेतोच आणि झाला की वायर काढून कपाटात ठेवतो, जोडलेली राहिली तर तीही लॉक होते.

पण नुसत्या मजकुराच्या खोट्या मेलपुढे कुठलाही अँटीव्हायरस फारसं काही करू शकत नाही, फुकट असो की विकत. २००२ मधे टेडी बेअरवाला मेल फिरत होता, ज्या फाइलला अस्वलाचं चित्र आहे तो व्हायरस, डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा, ती विंडोजचीच साधी फाइल होती आणि लोकांनी आपल्या हातांनी उडवली. आता तसंच पैशांचं चालतं. आमच्या एका सप्लायरच्या नावाने मेल आला की बँक अकाउंट बदललंय, ह्या वेळी इथे भरा. ना अटॅचमेंट ना लिंक, डिफेंडर पकडणार काय? ताईंनी डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन लावला म्हणून पैसे वाचले. मेलमधे दिलेल्या नंबरवर लावला असता तर तोही फसवणाऱ्यांचाच माणूस उचलणार. आता अकाउंट बदलायचा मेल आला की फोन केल्याशिवाय पेमेंट नाही, शेठनी सांगितलं तरी नाही. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर ताईंच्या टेबलावर चिकटवलाय, पैसे गेले तर लगेच लावायचा, उशीर झाला की पुढे निघून जातात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी कारण मोलाची सेटिंग आपण शोधून चालू करावी लागते. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच्यावरून मेल काढून टाकला, तो फक्त लेबल प्रिंटरला जोडलेला असतो.