नळाच्या पाण्यातला क्लोरीन: महागड्या बाटलीपेक्षा हायपोचे खडे सरस

अ‍ॅक्वापोनिक्सला, म्हणजे मासे आणि झाडं एकाच फिरत्या पाण्यावर वाढवायच्या सिस्टिमला, नळाचं पाणी द्यायचं तर त्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि बायोफिल्टरमधले, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं झाडांसाठी खत करणारे, जिवाणूही मारतो. त्यासाठी बाजारात चार प्रकारचा माल मिळतो: सोडियम थायोसल्फेटचे खडे (हायपो), मत्स्यालयांसाठीचं बाटलीबंद कंडिशनर, क जीवनसत्त्वाची पूड आणि कार्बन फिल्टर. निकाल आधीच सांगून टाकतो. पाचशे-हजार लिटरच्या घरगुती सिस्टिमला हायपो पुरतो. बाकीच्यांची आपापली जागा आहे, पण पहिली खरेदी त्यांची नको.

खरं तर पहिली खरेदी टेस्ट किटची हवी. काही ठिकाणी पाण्यात साधा क्लोरीन असतो, काही ठिकाणी क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी बांधलेला क्लोरीन. पुढचं सगळं यावरच ठरतं. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. त्यातली 1 नंबरची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, त्याच नळीत 3 नंबरची टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन्हींतला फरक म्हणजे क्लोरामाइन. स्विमिंग पूलसाठी विकलं जाणारं पिवळ्या रंगाचं ओटीओ किट स्वस्त असतं, पण हा फरक नीट दाखवत नाही. कागदी पट्ट्यांवर तर फारच थोडा भरवसा ठेवा. अनेक पट्ट्यांवर शून्यानंतरचा रंग थेट 0.5 मिग्रॅ प्रति लिटरचा असतो, आणि माशांना 0.02 च्या वर नको. पट्टीवरचं ‘शून्य’ माशांच्या हिशेबात शून्य नसतं, म्हणूनच डोस नेहमी थोडा वाढीव द्यायचा.

आता हायपो. 1 मिग्रॅ क्लोरीन मारायला सुमारे 7 मिग्रॅ खडे लागतात. दरवेळी ग्रॅममध्ये मोजत बसण्यापेक्षा द्रावण करून ठेवा: 100 ग्रॅम खडे उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि पाणी घालून एकूण 1 लिटर करा. म्हणजे 1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ. 200 लिटरच्या पिंपात क्लोरीन 1 मिग्रॅ प्रति लिटर असेल, तर हिशेबाने 14 मिली लागतं. 20 मिली टाका. 2 मिग्रॅ असेल तर 28 च्या जागी 35–40. चांगलं ढवळलं की काम दोन-चार मिनिटांत होतं. वाढीव डोसाने माशांना काही होत नाही, पण उरलेला थायोसल्फेट जिवाणू खातात आणि त्यात ऑक्सिजन खर्च होतो, त्यामुळे पिंपात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवावा. सोडियम साठेल ही भीतीही फारशी खरी नाही. 1000 लिटरला 7 ग्रॅम खडे टाकले तर सोडियम वाढतो जेमतेम 1.3 मिग्रॅ प्रति लिटर.

चुका कुठे होतात? एक तर द्रावण महिनोन्‌महिने उघड्यावर राहतं. ते दुधाळ दिसायला लागलं की समजा गंधक सुटतोय, ओतून द्या. गडद रंगाच्या बाटलीत, चिमूटभर धुण्याचा सोडा घालून ठेवलं तर जास्त टिकतं. दुसरं म्हणजे खडे थेट माशांच्या टाकीत टाकून वरून नळ सोडतात. खडे तळाशी विरघळत बसतात आणि ताजं क्लोरीनचं पाणी माशांच्या अंगावर येतं. पिंप नसेल आणि पाणी थेट टाकीतच घ्यायचं असेल, तर द्रावण आधी टाका, नळ नंतर उघडा. तिसरी चूक सगळ्यात घातक आहे. दुकानात नुसतं ‘हायपो’ मागू नका. सोडियम हायपोक्लोराइटलाही लोक तेच म्हणतात, आणि ते म्हणजे खुद्द क्लोरीनचं ब्लीच. पाकिटावर ‘थायोसल्फेट’ हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाटलीबंद कंडिशनरमध्ये सीकेमचं प्राइम सगळ्यात प्रसिद्ध. डोस 200 लिटरला 5 मिली, वापरायला सोपं आणि क्लोरामाइनवरही चालतं. शोभेच्या टाकीसाठी उत्तमच. पण अ‍ॅक्वापोनिक्समधले मासे ताटात येणार असतात. कंडिशनरच्या अनेक बाटल्यांवर ‘फक्त शोभेच्या माशांसाठी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते आधी वाचा. शिवाय अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनरं नेस्लर पद्धतीच्या अमोनिया टेस्टला फसवतात. आकडा भलताच येतो आणि माणूस नसलेल्या संकटामागे धावतो. सॅलिसिलेट पद्धतीचं किट तुलनेने बरं. एपीआय स्ट्रेस कोटसारख्या मालात कोरफडही असते. बायोफिल्टर आणि मुळं असलेल्या सिस्टिमला अशा चिकट पदार्थाची गरजच नाही.

क जीवनसत्त्व खाण्याच्या माशांसाठी निर्धोक. 1 मिग्रॅ क्लोरीनला 2.5 मिग्रॅ पूड, म्हणजे 1 मिग्रॅ प्रति लिटर क्लोरीनच्या वरच्याच पिंपाला अर्धा ग्रॅम. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड पीएच थोडा खाली ओढतं. पाणी मुळात मऊ असेल तर सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट घ्या, ते 2.8 मिग्रॅ लागतं. याचं द्रावण करून ठेवता येत नाही, हवेने लवकर निकामी होतं. औषधाच्या दुकानातल्या चघळायच्या गोळ्या तर नकोतच, त्यात साखर, रंग, संत्र्याचा वास आणि कधीकधी जस्तही असतं.

क्लोरामाइन असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हायपो, क जीवनसत्त्व किंवा प्राइम, काहीही वापरलं तरी क्लोरीन जातो आणि अमोनिया मागे उरतो. 2 मिग्रॅ क्लोरामाइनमधून साधारण 0.4 मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन सुटतो. बायोफिल्टर जुना, मुरलेला असेल आणि एका वेळी एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी भर घालत असाल, तर झाडांना तेवढंच खत. नवीन सिस्टिममध्ये, त्यातून पीएच 8 च्या पुढे असेल, तर मात्र हाच अमोनिया विषारी रूपात जास्त राहतो. मासे सोडण्याआधी बायोफिल्टरमधले जिवाणू पूर्ण वाढू द्या.

पाणी नुसतं उघडं ठेवायचं असेल तर साधा क्लोरीन एअर स्टोन लावून 24 तासांत बहुतेक उडतो, ऊन मिळालं तर त्याहून लवकर. झाकण लावलेल्या पिंपात मात्र तो तसाच राहतो. क्लोरामाइन या उपायाला दाद देत नाही. पाइपलाइन दुरुस्तीनंतर किंवा पुराच्या दिवसांत पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त सोडतात, तेव्हा मोजल्याशिवाय हा उपाय करू नका.

कार्बन फिल्टर सोयीचा, पण लोक नळ पूर्ण सोडतात आणि मग कार्बनला नावं ठेवतात. दहा इंची काडतुसातून मिनिटाला दोन-तीन लिटरच सोडा. क्लोरामाइनसाठी साधा कार्बन कमी पडतो, कॅटॅलिटिक कार्बन (क्लोरामाइन तोडण्यासाठी खास प्रक्रिया केलेला) घ्या आणि धार आणखी बारीक ठेवा. आधी 5 मायक्रॉनचा गाळ फिल्टर लावा. काडतूस संपलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून बाहेर पडणारं पाणी दर आठवड्याला डीपीडीने तपासा.

आरओ आणि मिठाचा सॉफ्टनर मात्र विकत घेऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, झाडं कुढतात. आरओ पाण्याची क्षारता (पीएच स्थिर ठेवणारी ताकद) काढून टाकतो, आणि जिवाणू 1 मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिग्रॅ क्षारता खातात, त्यामुळे अशा पाण्यात पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. पाणी खारट असेल तरच आरओ, तेही नळाच्या पाण्यात मिसळून.

पीएच नळाखाली मोजू नका, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो खोटा कमी दिसतो. एक दिवस पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून मगच मोजा. जास्त असेल तर पिंपातच फॉस्फोरिक अ‍ॅसिडने उतरवा. सायट्रिक अ‍ॅसिड जिवाणू खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा वर येतो. आम्ल क्लोरीन काढल्यानंतरच घाला आणि हायपोच्या दाट द्रावणात तर कधीच मिसळू नका, गंधक आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. क्षारता 60 मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली आली, तर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या धारेखाली टांगा.