कंपाउंड कुठलं आणि पॅड कुठला? बेळगावकडच्या गाडीचा गेलेला रंग परत आणताना

दसऱ्याच्या आधी खानापूरच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी उन्हात लावली की बॉनेटवर नुसतं जाळं दिसतंय बघ. रबिंग मारून घेऊ की घरीच करू? आणि घरी केलं तर कुठली बाटली आणू?" गाडी काळी, नऊ वर्षं जुनी, रोज बेळगाव-खानापूर ये-जा. बाटलीचं, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या कंपाउंडचं किंवा पॉलिशचं त्याने विचारलं, ते ज्याने घासायचं त्या मशीनच्या पॅडचं विचारलंच नाही. घरच्या आणि पाहुण्यांच्या गाड्या स्वतःच्या हाताने बफ करून माझं जे मत झालंय ते त्याला सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. बाटली निवडायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ पॅड निवडायला द्या.

आधी आपण काय घासतोय ते बघा. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. उन्हात दिसणारं जाळं त्याच थरावरच्या बारीक ओरखड्यांचं असतं. पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. जे गेलं ते परत येत नाही. म्हणून नखाला अडकणारा ओरखडा पूर्ण काढायच्या नादी लागू नये. आणि जिथे क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटलाय, तिथे कुठलंच कंपाउंड उपयोगाचं नाही, तो भाग रंगवूनच घ्यावा लागतो. जुन्या सॉलिड, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या, रंगाच्या काही गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. ओळखायची खूण सोपी: पॅडवर गाडीचा रंग उतरला तर तुम्ही थेट रंगच घासताय.

आपल्याकडे हे ओरखडे येतात कुठून? खानापूरकडची तांबडी माती पावसाळ्यात चिखल होऊन दारांवर बसते, उन्हाळ्यात धूळ होऊन बॉनेटवर. सकाळी एक बादली, एक फडकं, त्या फडक्याने आख्खी गाडी पुसायची, ही आपल्याकडची रीत. त्या फडक्यात अडकलेले कण रोज थोडं थोडं कापत जातात. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात बॉयलरची काळी राख उडते. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतलाच कडक पदार्थ, भरपूर असते, म्हणून ती कोरड्या फडक्याने कधीच झटकू नये. आणि उद्यमबागेत फाउंड्रीजवळ गाडी लावणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा रंगात रुततो आणि गंजतो. पांढऱ्या गाडीवर तपकिरी-शेंदरी ठिपके दिसतात ते हेच. त्यावर कंपाउंड मारायचं नाही. आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचा चुरा विरघळवणारं द्रावण, फवारायचं, ते जांभळं होऊन ओघळलं की धुवायचं, मग भरपूर वंगण-पाणी घेऊन क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायचा. हे न करता मशीन लावलं, तर सुटलेला लोखंडाचा कण पॅडखाली सापडतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

पॅड: लोकर, मायक्रोफायबर, फोम

लोकरीचा पॅड सगळ्यात जोरात कापतो. प्रत्येक तंतू कापण्याचं काम करतो, तंतूंमधून हवा खेळते, त्यामुळे फोमच्या मानाने रंग कमी तापतो. रोटरी मशीनवर, म्हणजे पॅड एकाच जागी गोल फिरवणाऱ्या मशीनवर, लोकर म्हणजे रंगाच्या दुकानाची जुनी जोडी. सँडपेपरच्या खुणा काढायच्या असतील तर तिला तोड नाही. पण ती मागे स्वतःच्या खुणा सोडते. दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसते आणि उन्हात नेली की प्रकाशाबरोबर सरकणारे धुरकट पट्टे दिसतात. होलोग्रॅम म्हणतात ते हेच. माझी लाल गाडी मी एकदा एका दुकानात अशीच करून घेतली होती. दोन दिवस खुशीत होतो, तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात गाडीभर पट्टे दिसले आणि बॉनेटच्या कडेला रंग जाऊन प्रायमर दिसायला लागला होता. कडेवर थर पातळ असतो, तिथे टेप लावायला हवा होता. त्या दिवसापासून मी मशीन स्वतः हातात घेतलं. लोकर घेतलीत तर दुसरा, बारीक टप्पा ठरलेलाच, तो चुकवता येत नाही.

मायक्रोफायबर पॅड ड्युअल ॲक्शन मशीनसाठी, म्हणजे आपण ज्याला डीए म्हणतो त्यासाठी. त्यात पॅड गोल फिरता फिरता हेलकावेही घेतो. कापण्यात लोकरीच्या जवळ जातो आणि पट्टे सोडत नाही. मला तो कडक, म्हणजे सहजासहजी न घासल्या जाणाऱ्या, रंगावर आवडतो. त्याच्या दोन खोडी मात्र आहेत. कंपाउंड आणि निघालेला रंग मिळून तंतू चिकटून बसतात, म्हणून दर दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यानंतर ब्रशने किंवा हवेच्या पाइपने ते मोकळे करावे लागतात. दुसरं, मऊ काळ्या रंगावर तो बारीक धुरकटपणा ठेवतो, आणि तो काढायला पुन्हा फोम लागतोच. प्लास्टिकच्या बंपरवर तो जपून वापरावा. पत्र्यासारखी प्लास्टिकमधून उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते.

फोमवर जरा थांबू, कारण घरी करणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी फोमच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच आकारात कडक, मधला आणि मऊ मिळतो. कडक कापतो, मऊ चमक देतो, मधला दोन्ही थोडं थोडं करतो. निवडताना रंगावर जाऊ नका. रुपेस या इटालियन कंपनीचा पांढरा फोम सगळ्यात बारीक कामाचा, आणि लेक कंट्री या अमेरिकन कंपनीचा पांढरा फोम मधल्या पॉलिशिंगचा, त्यांचा शेवटच्या फिनिशिंगचा काळा. "पांढरा द्या" म्हणून मागितलं तर दोन दुकानांत दोन वेगळ्या गोष्टी हातात पडतील. बोटाने दाबून बघा, पाकिटावर कट, पॉलिश की फिनिश लिहिलंय ते वाचा.

पॅड आधी का, त्याचं उत्तर इथे आहे. मेग्वायर्स या अमेरिकन कंपनीचं एम205 हे मुळात फिनिशिंग पॉलिश. मऊ फोमवर ते फक्त चमक वाढवतं. तेच कडक फोमवर घेतलं तर वरवरचं जाळं चांगलं उचलतं. म्हणजे एकाच बाटलीची दोन कामं झाली. उलट, एक मधला पॅड आणि चार बाटल्या घेतल्या, तर चौथी बाटली कपाटात पडून राहते. पॅड जास्त लागायचं आणखी एक कारण आहे. आख्ख्या गाडीला एक पॅड पुरत नाही. तो भरतो, तापतो, कापायचा थांबतो. पाच इंची कट फोमचे तीन आणि फिनिशचे दोन, एवढे तरी हाताशी ठेवा.

बाटल्यांमधला खरा फरक

ऑटोनगरातल्या दुकानात मिळणारं लाल-तपकिरी रबिंग पेस्ट काळ्या क्लिअर कोटवर हाताने घासू नका. जुन्या सॉलिड रंगाला ते चाललं असेल, आजच्या काळ्या गाडीला नाही.

चांगल्या कंपाउंडमध्ये दोन जाती आहेत. एकात कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. जर्मनीची मेन्झर्ना ही कंपनी या पद्धतीची. तिचं 400 जोरात कापणारं, 2500 मधलं, 3500 बारीक. आकडा चढला की काम नाजूक. अशा कंपाउंडला पुरता वेळ द्यावा लागतो. अर्ध्यात मशीन थांबवलं तर मोठे कण तसेच राहतात आणि धुरकटपणा दिसतो. दुसऱ्या जातीत कण मुळातच बारीक आणि सारखे असतात, ते फुटत नाहीत. मेग्वायर्सचं एम105 आणि एम205 असं आहे. इथे काम वेळेवर ठरत नाही, पॅड आणि हाताचा दाब यांवर ठरतं. शेवटच्या दोन फेऱ्या हात हलका ठेवायचा.

एम105 पटकन कापतं, पण लवकर वाळतं आणि पांढरी भुकटी उडवतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात मला त्याचा त्रास झाला. मेन्झर्ना जास्त वेळ ओली राहते, नवशिक्याला चूक सुधारायला वेळ मिळतो. एकच बाटली घ्यायची असेल तर मी 2500 च्या तोडीचं मधलं पॉलिश घेईन.

"क्लीनर वॅक्स" किंवा "वन स्टेप" म्हणून विकतात त्यांतल्या काहींत तेलं आणि भराव असतो. ओरखडा दिसेनासा होतो आणि चार वेळा धुतल्यावर परत येतो. म्हणून घासल्यावर त्या जागेवर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसा. तेल निघून गेल्यावर जे दिसतं तेच खरं काम.

मशीनबद्दल थोडंच. पहिल्यांदा करणाऱ्याने डीए घ्यावं, रोटरी नाही. पॅडच्या फेकीचा, म्हणजे हेलकाव्याचा, व्यास 8 मिमी, 15 मिमी, 21 मिमी असा मिळतो. 21 सपाट बॉनेट झरझर करतं, पण मडगार्डच्या वळणावर फिरायचंच थांबतं. घरगुती कामाला 15 चांगलं.

मग घ्यायचं काय? काळी किंवा गडद गाडी, फक्त जाळं: मधला फोम, मधलं पॉलिश, एवढ्यावर सुरुवात. पांढरी गाडी, उद्यमबागेचे ठिपके: आधी आयर्न रिमूव्हर आणि क्ले, त्यानंतर बहुतेकदा हलकं पॉलिशच पुरतं. कडक रंग, पावसाच्या थेंबांचे खोल डाग: मायक्रोफायबर आणि जोराचं कंपाउंड, मागून फोमने फिनिश. फिक्कट पडलेली जुनी सॉलिड लाल गाडी: मऊ फोम, बारीक पॉलिश, पॅड लवकर लवकर बदलायचे आणि शेवटी वरून वॅक्स. पण यातलं काहीही आख्ख्या गाडीवर लावू नका. बॉनेटवर टेपने एक चौकोन आखा, सगळ्यात हलक्या जोडीने करून बघा. जमलं नाही तर आधी पॅड कडक करा, तरीही जमलं नाही तरच बाटली बदला.

भावाच्या बॉनेटवर आम्ही तसंच केलं. सावलीत, सकाळी दहाच्या आत. मऊ फोमने काही फरक पडला नाही, मधल्या फोमने जाळं साफ गेलं, कडक फोम पिशवीतून काढावाही लागला नाही. डिकीवर नखाला अडकणारे दोन ओरखडे होते. ते थोडे बोथट केले आणि तसेच ठेवले. त्याने विचारलं, "हे का सोडलंस की रे?" मी त्याला म्हटलं, पाच वर्षांनी परत घासायला थर लागेल, तो आजच कशाला संपवू.