काळा फोन, लंबकाचे घड्याळ आणि चोर बाजार

हौशी नाटकाच्या नेपथ्यातील बहुतेक सगळे सुतार करून देतो. फ्लॅट म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंती, दारे, खिडक्या, लेव्हल म्हणजे उंचवटे, हे सारे प्लाय आणि रंगाच्या बळावर उभे राहते. अडते ते नटाच्या हातात येणाऱ्या वस्तूंपाशी. आमच्या संस्थेच्या यंदाच्या नाटकाचा पहिला अंक 1962 सालच्या गिरगावातील एका वकिलाच्या दिवाणखान्यात घडतो, आणि त्यासाठी डायलचा काळा टेलिफोन, व्हॉल्वचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना रेडिओ आणि लंबकाचे घड्याळ या तीन वस्तू खऱ्याच हव्यात, असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. त्यासाठी आम्ही मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या चोर बाजारात तीन फेऱ्या केल्या. हौशी संस्थांनी या बाजाराकडे अवश्य जावे, असे माझे मत झाले आहे. मात्र काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे ठरवूनच जावे.

पहिली फेरी वाया गेली, कारण आम्ही शुक्रवारी गेलो. त्या दिवशी तिथल्या मटण स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंची दुकाने बहुतेक बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो. सुटे कुलूप, चष्म्याची फ्रेम, पितळी कडी अशा किरकोळ वस्तूंना तो बाजार उत्तम आहे. भाड्याने वस्तू हवी असेल, तर अन्य दिवशीच जावे लागते.

दुसऱ्या फेरीत एका वयस्कर दुकानदारांनी, ज्यांना सगळेच चाचा म्हणतात, आमची गरज नीट ऐकून घेतली. नाटकासाठी हवे आहे म्हटल्यावर विकण्याची घाई न करता त्यांनी तिन्ही वस्तू चार दिवसांच्या भाड्याने दिल्या आणि वस्तूंच्या किमतीइतकी अनामत घेतली, जी परतीच्या दिवशी पूर्ण मिळाली.

टेलिफोनने आमच्या नटाचा अभिनय बदलला, हे मी जबाबदारीने लिहितो. तालमीत तो प्लास्टिकच्या खेळण्यातला फोन वापरत असे. खऱ्या फोनचा बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा रिसीव्हर जड असतो, तो उचलताना मनगट ताणले जाते, आणि नंबर फिरवल्यावर डायल परत येईपर्यंत थांबावेच लागते. त्या थांबण्यामुळे वकिलाची घालमेल एकाही जादा वाक्याशिवाय प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. अडचण घंटीची होती. या फोनची घंटी टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या सुमारे 75 व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) विद्युतदाबावर वाजते, म्हणून नुसता फोन ठेवून ती वाजत नाही. स्पीकरमधून आवाज सोडला, तर तो टेबलावरून न येता विंगेतून येतो आणि सारा परिणाम नासतो. आम्ही टेबलाखाली साधी विजेची घंटी बसवून तिचे बटण विंगेत ठेवले.

रेडिओच्या बाबतीत चाचांचा सल्ला मोलाचा ठरला. इतका जुना संच थेट विजेला लावू नका, असे त्यांनी बजावले. आम्ही त्याच्या पेटीत बॅटरीचा लहान स्पीकर ठेवला आणि स्टेशनांच्या काचपट्टीमागे एक बारीक दिवा लावला. खरे व्हॉल्व तापायला काही सेकंद लागतात, म्हणून आधी काचपट्टी उजळायची आणि आवाज सावकाश यायचा, हा क्रम आम्ही कटाक्षाने पाळला.

घड्याळाने मात्र रंगीत तालमीत दगा दिला. लंबकाचे घड्याळ सरळ टांगलेले नसेल, तर टिकटिक लंगडी होते आणि ते थोड्या वेळाने थांबते. शिवाय फ्लॅटमधले दार आपटले, की सबंध भिंत हलते. शेवटी आम्ही फ्लॅटच्या मागे, त्याला स्पर्श न करणारा स्वतंत्र लाकडी खांब उभा केला आणि फ्लॅटला भोक पाडून घड्याळ त्या खांबावर टांगले. त्यानंतर ते दोन्ही प्रयोग अखंड चालले.

या बाजाराचा दोष म्हणजे जुन्याच्या नावाखाली विकला जाणारा नवा माल. दुसऱ्या एका दुकानात आम्हांला दाखवलेल्या भोंग्याच्या ग्रामोफोनला चौफुली खाचेचे नवे स्क्रू होते आणि पितळावरचा काळेपणा सगळीकडे एकसारखा होता. खऱ्या वापराने हात लागतो तिथे धातू उजळ राहतो. विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला हा फरक दिसत नाही, त्यामुळे नुसती शोभेची वस्तू हवी असल्यास नवा मालही चालेल, पण त्यासाठी जुन्याची किंमत मोजू नये. कपाट, पलंग असले अवजड सामानही तिथून घेऊ नये. भाड्यापेक्षा टेम्पोच महाग पडतो आणि नाट्यस्पर्धेत सेट लावायला मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ते हलवता येत नाही.

घड्याळ नेताना आणि परत आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळावा, नाहीतर आतली नाजूक पट्टी मोडते. चाचांनी तो आमच्यासमोर काढून वर्तमानपत्रात बांधला आणि किल्ली त्याच पुडीत ठेवली.