टीएस१०० सोल्डरिंग आयर्न मैदानावर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रिमोटवरची इलेक्ट्रिक मॉडेल विमानं उडवणाऱ्याच्या पेटीत जादा प्रॉपेलर, फोमला चालणारा ग्लू, ॲलन की हे सगळं असतंच. सोल्डरिंग आयर्न मात्र घरी राहतो, कारण मैदानावर वीज कुठून आणणार? मग बॅटरी जोडायच्या एक्सटी६० कनेक्टरची एक तार सुटली की शांत हवेची सकाळ वाया. टीएस१०० घेतला तो एवढ्यासाठीच. तो १२ ते २४ व्होल्ट डीसीवर चालतो, म्हणजे विमानाच्याच लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर).

कोणत्या बॅटरीवर चालवता, यावर सगळं अवलंबून आहे. १२ व्होल्टला हा जेमतेम १७ वॉट देतो. सर्व्होच्या, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या, बारीक तारेला तेवढं पुरतं. १२ गेजच्या जाड तारेला नाही, ती सगळी उष्णता ओढून घेते. फोर-एस, म्हणजे चार सेलची बॅटरी लावली की ताकद ३० वॉटच्या आसपास जाते आणि काम होतं. पूर्ण चार्ज सिक्स-एस २५.२ व्होल्टची असते, ती लावू नका. बॅटरी संपेल ही भीतीही नको: २२०० एमएएचच्या फोर-एसमध्ये साधारण ३२ वॉट-अवर असतात आणि दोन मिनिटं पूर्ण ताकदीनं तापवलं तरी एकच खर्च होतो.

सोबत येणारी टोकदार टिप मी पेटीतच ठेवली आहे. जाड तारेसाठी चपटी किंवा सुरीसारखी टिपच हवी. आणि मैदानावरचा खरा शत्रू वारा. गाडीची डिकी उघडून तिच्या आडोशाला बसलं की तापमान टिकतं. सोल्डर करताना एक्सटी६० मध्ये जोडीचा कनेक्टर खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात. बॅटरीचाच कनेक्टर बदलायचा असेल तर एका वेळी एकच तार कापा. दोन्ही एकत्र कापल्या तर शॉर्ट ठरलेला.

आयर्नओएस हे मुक्त फर्मवेअर (आयर्नच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकून घ्याच. त्यात सेलची संख्या भरली की व्होल्टेज फार उतरण्याआधी तापवणं थांबतं. मात्र ते एकूण व्होल्टेज बघतं, एखादा सेल दमलाय हे त्याला कळत नाही. म्हणून बॅटरीच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची तार असलेल्या छोट्या प्लगला) लावायचा सेल चेकर खिशात लागतोच. परतल्यावर सेलमागे ३.८ व्होल्टवर बॅटऱ्या ठेवण्यासाठीही तोच उपयोगी.

खाली ठेवला की थोड्या वेळानं आयर्न आपोआप थंडावतो. गवतावर बसून काम करताना याचं मोल कळतं. दोन बटणांवरचा मेन्यू कटकटीचा आहे, पण एकदा सेटिंग केल्यावर त्यात शिरावं लागत नाही. टिपची देखभाल मात्र हवी: पितळी जाळीवर पुसायची आणि बंद करण्याआधी तिच्यावर सोल्डरचा पातळ थर ठेवायचा. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी टिप लवकर काळी पडते आणि मग सोल्डर धरतच नाही. नवीन घेताना फोर-एससाठी एक्सटी६० ची केबल आणि जाड टिप त्याच ऑर्डरमध्ये मागवा.