४१ हजारांचा डबा

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन सीटची, कापडी टपाची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. नव्वदचं दशक संपता संपता गोव्यात बनायला लागली, म्हणजे बेळगावहून चोर्ला घाट उतरला की पलीकडेच. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर. युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये बसायचं तेच. आकडा ऐकून हसू नका, गाडी हलकी आहे. टप उघडून जांबोटी-कणकुंबीच्या वळणांवर नेली की कळतं. फार थोड्या बनल्या, आता बनत नाहीत.

उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे, त्यामुळे जुन्या गाडीची मला कधी भीती वाटली नाही. बुश झिजला, करून घेतला. ब्रॅकेट तुटलं, करून घेतलं. बेळगावात लोखंडाचं काय वाट्टेल ते होतं. पॅटर्न नेऊन द्या, फाउंड्रीवाला ओतून देतो. पण लोखंड ओतता येतं, आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, ओतता येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला ४१ हजार रुपये लागले.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. ताडपत्री घातली होती, तरी पाणी वायरिंगच्या हार्नेसवरून झिरपत इसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, डब्यात गेलं. वायर ही पाण्याची पागोळीच असते, खालच्या टोकाला जे असेल त्याच्यात नेऊन सोडते. स्टार्टर फिरायचा, गाडी पकडायची नाही. डबा काढून शहापुरातल्या मामांकडे नेला. मामांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आता लोक त्यांच्याकडे गाड्यांचे डबे आणतात.

मामांनी मल्टिमीटर लावला. म्हणाले, "हे बघ, बॅटरीचे बारा आत यायलेत. सेन्सरला पाच व्होल्ट बाहेर जायला पायजेत, दीडच जायलेत. रेग्युलेटरचा आयसी गेला असंल. पण खात्रीनं नाही सांगत. चार दिवस ठेवून जा."

मी ठेवून गेलो नाही. त्या आयसीचा नंबर लिहून घेतला, फोटो काढले आणि डबा उचलून घरी आणला. हे चार दिवस लक्षात ठेवा.

तो नंबर कुठल्याच डेटाशीटमध्ये मिळेना. नंतर कळलं की इसीयू बनवणारे बरेचदा आयसीवर चिप कंपनीचा नंबर न घालता आपला घरचा नंबर घालून घेतात. बाजारात त्या नावानं वस्तूच नसते. बेंगळुरूला कामाला गेलो तेव्हा अख्खी दुपार एसपी रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घातला. सात-आठ दुकानदारांनी फोटो बघून मान हलवली. एकानं तर सरळ सांगितलं, "सर, हा कुणी आहे म्हणाला तर घेऊ नका." मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मित्राला पाठवलं, तिथंही तेच. आता वाटतं, ही सगळी माणसं खरं बोलत होती आणि मला त्यांचाच राग येत होता.

मग ऑनलाइन एकाकडे तो मिळाला. चार नग २४०० रुपये. आले, दिसायला झकास, काळेकुळकुळीत, नंबर टोकदार पांढरा. इतका टोकदार की शंका यायला हवी होती. पंचवीस वर्षं कुठंतरी पडून राहिलेला माल इतका नवा कसा दिसेल? मामांकडे नेले. मामांनी बायकोचं नेलपेंट काढायचं औषध आणायला सांगितलं. त्यात बहुतेकदा अॅसिटोन असतं. कापसाचा बोळा भिजवून आयसीच्या पाठीवर चार वेळा फिरवला, बोळा काळा झाला. छापलेला नंबर गेला, वरचा काळा थर गेला आणि खाली घासलेल्या प्लॅस्टिकवर दुसराच नंबर अंधुक दिसायला लागला. एक नंबरची पिन ओळखायला कोपऱ्यात जो बारीक खळगा असतो, तोही रंगानं निम्मा बुजलेला. मामा म्हणाले, भंगारातल्या बोर्डावरनं तापवून काढतात, पाठ घासतात, काळा मुलामा देतात आणि हवा तो नंबर छापतात. चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात ग्वेयू नावाचं गाव या ई-कचऱ्याच्या धंद्यासाठी जगभर बदनाम होतं. सगळाच खोटा माल तिथून येतो असं नाही, पण मूळ विद्या ही.

२४०० गेले तिथं थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी ठरवलं की आता सुट्या आयसीच्या नादाला लागायचं नाही, सबंध इसीयूच घ्यायचा.

जुन्या गाड्यांच्या दोन-तीन ग्रुपवर मी टाकलं: स्टॉर्मचा इसीयू पाहिजे, चालू, पैशाची अडचण नाही. सोबत माझ्या डब्याच्या लेबलाचा स्वच्छ, जवळून काढलेला फोटो. पार्ट नंबर, सिरीयल नंबर, बारकोड, सगळं. "पैशाची अडचण नाही" हे तर मी स्वतःच्या हातानं लिहिलं. घराला कुलूप न लावता दारावर 'गावाला गेलोय' म्हणून पाटी लावावी तसं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. माणूस मराठी बोलणारा, कोल्हापूरकडचा म्हणाला. आवाज शांत, घाई अजिबात नाही. "दादा, तुमचा मेसेज बघितला. माझ्याकडं रेनॉचा जुना स्टॉक आहे, गोव्यातनंच उचलला होता. एक पीस आहे, द्यायचा का नाही ते ठरवलं नाही अजून." मग कुठं राहता विचारलं. मी म्हटलं, बेळगाव. तर म्हणाला, "आम्ही बेळगावच म्हणतो दादा, बेळगावी नाही म्हणत. आपलंच गाव की ते."

संपलं. तिथंच मी विकला गेलो. सीमाभागात जे वाढलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. २०१४ साली १ नोव्हेंबरला सरकारी कागदावर गावाचं नाव बदललं, तेव्हापासून पलीकडचा कुणी प्रेमानं 'बेळगाव' म्हणाला की आपल्या घशात काहीतरी येतं. त्या माणसाला हे बरोबर ठाऊक होतं. एसपी रोडवरच्या कन्नड दुकानदारानं खरं सांगून मला वाचवायला बघितलं, आणि मराठीत 'दादा' म्हणणाऱ्यानं कापलं. यातून भाषेबद्दल कुणी काही सिद्ध करू नये. कापायला जी सुरी चालते ती माणूस वापरतो, इतकंच.

त्यानं ५२ हजार सांगितले, मी घासाघीस करून ४६ वर आणले आणि स्वतःवर खूश झालो. फोटो मागितला. अर्ध्या तासात फोटो आला: अॅल्युमिनियमचा डबा, वर लेबल, आणि लेबलावर ७७०० नं सुरू होणारा दहा आकडी नंबर. रेनॉच्या त्या काळच्या पार्टांचे नंबर बहुतेक असेच सुरू होतात. मी माझ्या डब्याशी एकेक आकडा ताडून बघितला. सगळं जुळलं. खालची ओळसुद्धा जुळली. आनंदानं बायकोला हाक मारून दाखवलं, "बघ, हुबेहूब!"

१५ हजार अॅडव्हान्स पाठवले. दोन दिवसांनी, "पॅकिंग झालं दादा, गोडाऊनवाला निम्म्यावर पैसे मागतोय," २० हजार. मग कुरिअरची पावती, आणि मागोमाग "जीएसटी चेकिंगला अडकलाय, माझ्या खिशातनं भरले असते पण आज खातं लॉक झालंय," ६ हजार. दर वेळी रक्कम अशी की आधीचे गेले म्हणून हे थांबवू नयेत असं वाटावं. उरलेले ५ हजार मात्र म्हणाला, डबा हातात आल्यावर द्या, मला तुमच्यावर विश्वास आहे. चोराचा माझ्यावर विश्वास होता! ते ऐकून माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

पार्सल खरोखर आलं. बहुतेक फसवणुकीत ते येतच नाही, म्हणून आलं तेव्हा मी जवळजवळ नाचलो. पुतण्यानं खोका फाडला. उघडतानाचा व्हिडिओ काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. डबा वजनदार होता. गाडीचा कनेक्टर लावायला गेलो तर बसेना. जोर दिला, तेव्हा डब्याचा सॉकेटच हलला. बाजूनं पिवळट, वाळलेलं काहीतरी दिसलं. अराल्डाइट.

मामांनी झाकण उघडलं. सॉकेटच्या पिना मागच्या बाजूला हवेतच संपत होत्या, एकीलाही सोल्डर नाही. आत दुसरा बोर्ड होता. मामांनी भिंगातून त्यावरची अक्षरं वाचली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सीएनजी किटचा बोर्ड आहे रे हा."

पण खरा धक्का त्यानंतरचा. मी दोन्ही डबे शेजारी ठेवले. माझ्या लेबलावर पूर्वी कधीतरी स्क्रूड्रायव्हर घासला होता. सिरीयल नंबरातल्या इंग्रजी तीनच्या आकड्यावर डाव्या बाजूनं ओरखडा, त्यामुळे फोटोत तो तीन आठासारखा दिसतो. नव्या डब्यावर त्या जागी स्वच्छ, सुबक आठ होता. बाकी सगळे आकडे माझे. म्हणजे त्यानं माझाच फोटो समोर ठेवून लेबल छापलं होतं, आणि जिथं दिसलं नाही तिथं अंदाज मारला होता. बारकोडही फोटोवरून उचललेला, फोननं स्कॅनच होईना. माझा जुना, मळका बारकोड एका झटक्यात स्कॅन झाला.

पार्ट नंबर दोन डब्यांवर सारखा असायलाच पाहिजे. सिरीयल नंबर सारखा कधीच असू शकत नाही, तो एकेका डब्याचा असतो. मी रोज कारखान्यात बेअरिंगच्या खोक्यांवर हे बघतो. त्या दिवशी "हुबेहूब!" म्हणून ओरडलो तेव्हा चोरी माझ्या डोळ्यांसमोर होती.

तक्रारीचं सांगतो, कारण इथं मी दुसरी चूक केली. पैसे गेल्याचं कळताच १९३० ला फोन करायचा असतो किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवायचं असतं. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम बँकेकडून रोखून धरता येते. मी नऊ दिवस त्या माणसाला मेसेज करत बसलो. "दादा, चुकून दुसरा डबा गेला, बदलून देतो," असं तो चार दिवस म्हणत राहिला, आणि मी थांबलो. शेवटी सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात, गेलो. माझं कन्नड बोलण्यापुरतं, लिहिताना भंबेरी उडते. तिथल्या पोलिसानं माझं मराठीत ऐकलं, कन्नडमध्ये उतरवलं आणि परत मराठीत वाचून दाखवलं. पूर्वीचं चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हेही त्यानंच सांगितलं. खातं दुसऱ्याच कुणाच्या नावावर होतं, आणि पैसे आले त्याच दिवशी रिकामं झालेलं. नऊ दिवसांनी तिथं काय उरणार?

डबा मग मामांकडेच ठेवला, माझा, जुना. या वेळी चार दिवस नाही, आठवडाभर. मामांनी बोर्ड धुतला, वाळवला, भिंगाखाली धरला. एका कपॅसिटरच्या पायाशी हिरवट चट्टा होता, पाण्यानं तांबं खाल्लेलं. त्याखालची केसासारखी पट्टी तुटली होती. आयसीला काहीच झालं नव्हतं. त्याच्याकडून निघणारे पाच व्होल्ट वाटेतच अडत होते. मामांनी कपॅसिटर बदलला, एक इंचभर बारीक वायर टाकली आणि ७०० रुपये घेतले. "चार दिवस दे म्हणालो होतो की रे तुला," एवढंच म्हणाले.

गाडी आता चालते. पेट्रोलचा काटा मात्र मध्येच मेल्यासारखा पडतो. मागच्या महिन्यात ग्रुपवर सहज लिहिलं, या वेळी फोटो न टाकता. दुसऱ्याच दिवशी अनोळखी नंबरवरून मेसेज आला: स्टॉर्मचा सबंध मीटर आहे दादा, एकच पीस. मी लिहिलं, मीटर उलटा करून मागच्या कनेक्टरवर पाच रुपयांचं नाणं ठेवा, शेजारी आजचा पेपर ठेवा आणि सिरीयल नंबर वाचता वाचता व्हिडिओ काढून पाठवा.

दोन निळ्या टिका आल्या. अजून तेवढ्याच आहेत.